पहिली-दुसरीचा पीटीचा तास: पोरांचं लक्ष टिकवायचं कसं, पायरी पायरीने

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ओळखीतल्या नवीन पीटी टीचर्सचे मेसेज सुरू होतात, "सर, पोरं ऐकतच नाहीत ओ." तास कसा घेता विचारलं की सगळ्यांचं उत्तर जवळपास सारखंच असतं. रांगा लावतो, सूचना देतो, गडबड होते, शांत होईपर्यंत थांबतो, परत सूचना देतो, मग शिट्टी, मग आरडाओरडा आणि तोवर बेल होते. म्हणजे ३५ मिनिटांच्या तासात पोरं जेमतेम दहा मिनिटं हलली आणि सरांचा घसा बसला.

हे पहिली ते तिसरीच्या पोरांसाठी लिहितोय, साधारण सहा ते नऊ वर्षं. पुण्यातल्या नेहमीच्या शाळेत असतं तसंच धरलंय: वर्गात ४०-४५ पोरं, मैदान लहान किंवा मैदानच नाही नुसतं पेव्हर ब्लॉकचं अंगण, साहित्य बेताचं, आणि कंपाउंडच्या पलीकडे कसलं ना कसलं बांधकाम चालू.

पोरांचं लक्ष खेळताना जात नाही, दोन गोष्टींच्या मधल्या फटीत जातं. रांगेत नंबराची वाट बघताना, बॉल वाटताना, जोड्या पाडताना, सर खेळ समजावत असताना. खालच्या पायऱ्या बहुतेक या फटी बुजवायच्याच आहेत. क्रमाने करा. बरेच जण पाचवी पायरी वाचून थेट मैदानावर जातात आणि मग म्हणतात जमत नाही.

१. आधी रिकामं मैदान बघून या

पोरांना घेऊन जायच्या आधी, ज्या वेळी तुमचा तास असतो त्याच वेळी एकटे मैदानावर जाऊन उभे रहा. बघायचं काय, तर ऊन कुठून येतं, सावली कुठे पडते, आवाज कुठून येतो, आणि पोरांना पळायला मोह होईल अशी जागा कोणती (पाण्याचे नळ, घसरगुंडी, गेट, झाडाखालचा मातीचा ढीग).

उन्हाची गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. सूचना देताना ऊन तुमच्या तोंडावर पाहिजे आणि पोरांच्या पाठीवर. उलटं झालं की पोरं डोळे बारीक करून, हात कपाळावर धरून उभी राहतात, दोन सेकंदांनी मान खाली घालतात आणि आपल्याला वाटतं दुर्लक्ष करतायत. सकाळच्या शाळेला आणि दुपारच्या शाळेला तुमची उभं राहायची जागा वेगळी असणार, ती ठरवून टाका.

दुसरं म्हणजे पोरांची तोंडं भिंतीकडे किंवा रिकाम्या बाजूला असू द्या आणि रस्ता, गेट, दुसऱ्या वर्गाचा तास हे सगळं त्यांच्या पाठीमागे. शेजारच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चालू असेल आणि जेसीबी आला तर तुम्ही हरणार हे मान्य करा. अशा वेळी "इकडे बघा, इकडे बघा" करत बसू नका. सरळ म्हणा, चला सगळे जेसीबी बघा, दहा अंक मोजा, आता माझ्याकडे. एकदा मनसोक्त बघितलं की संपतं ते.

तिसरं, हद्द आखा. "लांब जाऊ नका" हे सहा वर्षांच्या पोराला कळत नाही, त्याचं लांब आणि तुमचं लांब वेगळं असतं. मातीवर फक्की मारा, पेव्हर ब्लॉकवर खडू किंवा जुन्या दोऱ्या, चार कोपऱ्यांना कोन ठेवा. कोन नसतील तर पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत थोडी वाळू भरून ठेवली तरी चालतं. जागा आपल्याला वाटते त्यापेक्षा लहानच ठेवा. मोठ्या मैदानावर ४० पोरं पसरली की मागच्यांना तुमचा आवाज पोचत नाही.

तपासा: सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात उभं राहून बघा. तुम्ही जिथून बोलणार ती जागा तिथून दिसते का, आणि मध्ये खांब, झाड, उभी स्कूल व्हॅन असं काही येतं का.

२. साहित्य प्रत्येकाला एक, नाहीतर नकोच

एका वर्गाला चार बॉल हा प्रकार लक्ष घालवायचा राजमार्ग आहे. चार पोरं खेळतात, बाकीची बघतात, बघून कंटाळतात, मग ढकलाढकली. साहित्य प्रत्येकाला एक मिळत नसेल तर निदान दोघांत एक तरी मिळालं पाहिजे, आणि तेही जमत नसेल तर त्या दिवशी साहित्याशिवायचाच तास घ्या. लंगडी, विषामृत, साखळी, तळ्यात-मळ्यात, काही कमी नाहीये आपल्याकडे.

स्वस्तात करायचं असेल तर बीनबॅग शिवून घ्या. जुन्या जीन्सचे साधारण दहा सेंटिमीटरचे चौकोन कापायचे, तीन बाजू डबल शिलाई, आत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली धुतलेली जाड वाळू, वजन अंदाजे १०० ग्रॅम, मग चौथी बाजू शिवायची. ज्वारी किंवा मका भरू नका, बरेच जण सांगतात पण पावसाळ्यात बुरशी येते आणि स्टोअर रूममधले उंदीर एका सुट्टीत सगळा स्टॉक संपवतात. पालकसभेत जुन्या जीन्स मागा, हव्या त्यापेक्षा जास्तच येतील. बीनबॅगचा मोठा फायदा म्हणजे ती पडली तरी घरंगळत जात नाही. बॉल घरंगळला की पोर त्याच्या मागे, त्याच्या मागे त्याचा मित्र, आणि तुमची सूचना हवेत.

साहित्य एका ठिकाणी ढीग करून ठेवू नका. चार कोपऱ्यांत चार टोपल्या किंवा जुन्या बादल्या ठेवा. एकाच ढिगावर ४० पोरं तुटून पडली की पुढची पाच मिनिटं भांडणं सोडवण्यात जातात.

३. निम्मं काम वर्गातच उरकायचं

मैदानावर आल्यावर बुटाची लेस, पाणी, सूसू, स्वेटर काढणं यात पहिली आठ-दहा मिनिटं कशी जातात ते नव्या टीचरला कळतच नाही. हे सगळं वर्गातच, बाकावर बसलेले असताना उरकायचं:

लेस बांधा (ज्यांना येत नाही त्यांची शेजारच्याने बांधायची, दुसरीतल्या निम्म्यांना येते). सूसूला जाऊन या. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी स्वेटर, कानटोपी बाकावर काढून ठेवा, कारण मैदानावर काढलेल्या स्वेटरची शोधाशोध हा एक वेगळाच तास होतो. पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या असतील तर त्या ठेवायची जागा आधीच सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मैदानावर पोचल्या पोचल्या काय करायचं ते वर्गातच सांगून टाका. "खाली गेलात की पिवळ्या रेषेवर जायचं आणि मी येईपर्यंत रेषेवरून चालत रहायचं, पाय रेषेबाहेर नको." किंवा "टोपलीतून एक बीनबॅग, डोक्यावर ठेवायची, फिरायचं, पडली की उचलायची." म्हणजे पहिलं पोर मैदानावर पोचतं त्या क्षणाला त्याचं काम सुरू, शेवटचं पोर जिन्यात असलं तरी काही बिघडत नाही. सगळे येईपर्यंत ओळीत उभं करून ठेवलं तर पुढे आलेल्या शहाण्या पोरांनाच शिक्षा होते, आणि पुढच्या वेळी तीही रमत गमत येतात.

इशारा: दम्याचा पंप वापरणारी, फिट येणारी, प्लास्टर नुकतं निघालेली पोरं कोण, ते वर्गशिक्षिकांकडून वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घ्या. आणि मधल्या सुट्टीनंतर लगेच तास असेल तर पहिली दहा मिनिटं पळापळ नको, डबा खाल्लेला असतो, पोटात दुखतं आणि मग पोरं बसकण मारतात.

४. थांबायचं कसं ते आधी शिकवा

पळायचं कसं ते कोणाला शिकवावं लागत नाही. थांबायचं शिकवावं लागतं, आणि ते वेगळा धडा म्हणून, इतर काहीही शिकवायच्या आधी.

एक इशारा ठरवा. एकच. माझी पसंती हलगीला किंवा डफलीला, कारण आवाज लांब जातो आणि शिट्टीसारखा कानात घुसत नाही. ठोका चालू तोवर हलायचं, ठोका बंद झाला की स्टॅच्यू. शाळेत हलगी नसली तर पत्र्याचा डबा आणि काठी. टाळ्यांचा ठेका पण चालतो: तुम्ही दोन संथ, तीन जलद टाळ्या वाजवल्या की पोरांनी तशाच वाजवायच्या, आणि टाळी वाजवायला हात रिकामे लागतात म्हणून बीनबॅग आपोआप खाली जाते.

थांबलं म्हणजे काय तेही सांगावं लागतं. पाय चिकटलेले, हात गुडघ्यावर, डोळे सरांकडे. तीनच गोष्टी. मग खेळ म्हणून सराव: चाला, स्टॅच्यू. उड्या, स्टॅच्यू. बेडूक, स्टॅच्यू. दरवेळी आपण मोठ्याने तीन मोजायचं आणि तीनच्या आत वर्ग थांबला की "बरोबर" म्हणून लगेच पुढची हालचाल. कोण उशिरा थांबलं त्याचं नाव घ्यायचं नाही. ज्या पोराचं नाव मैदानावर मोठ्याने घेतलं जातं त्याला दुसऱ्या दिवशी परत नाव घेऊन हवं असतं.

शिट्टी फक्त धोक्यासाठी राखून ठेवा. गेट उघडं राहिलं, कुत्रं आत आलं, कोणी पडलं, तेव्हा. तासाला वीस वेळा वाजणाऱ्या शिट्टीला कोणी विचारत नाही, आणि खरंच गरज पडते तेव्हा तिचा उपयोग राहत नाही.

तपासा: ठोका बंद केल्यावर तीनच्या आत सगळा वर्ग थांबतोय का? नसेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका. पुढच्या तासाला परत हेच. दोन-तीन तास यातच गेले तरी चालेल, वर्षभर तेवढा वेळ परत मिळतो.

५. सूचना देणे

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा सविस्तर.

बऱ्याच ठिकाणी ऐकू येणारी सूचना अशी: "सगळ्यांनी बीनबॅग घ्यायची, मग जोडीदारासमोर उभं रहायचं, मध्ये दोन पावलं अंतर ठेवायचं, खालून फेकायची, वरून नाही फेकायची, पडली तर भांडायचं नाही, पाच वेळा झालं की एक पाऊल मागे जायचं, आणि अजून सुरुवात करायची नाहीये, अरे थांब, कोण गेला तिकडे?" गेला कोण, तर पहिलाच शब्द ऐकून बीनबॅग आणायला गेलेला. त्याने खरंतर सगळ्यात नीट ऐकलं होतं.

क्रम असा ठेवा: कधी, कुठे, काय. आधी सुरू कधी करायचं ते. "मी 'पळा' म्हटल्यावर... प्रत्येकाने... जवळच्या टोपलीतून... एक बीनबॅग आणायची आणि आपल्या जागेवर यायचं. पळा!" सुरुवातीलाच 'मी पळा म्हटल्यावर' आलं की पोर मांडीत ताकद धरून थांबतं आणि उरलेलं ऐकतं. हाच शब्द शेवटी टाकला तर तोवर अर्धा वर्ग गेलेला असतो.

एका वेळी एकच काम. बीनबॅग आणली? छान. आता पुढचं. पहिलीला एका दमात दोनपेक्षा जास्त गोष्टी सांगू नका, तिसरीला फार तर तीन. आणि बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं पाहिजे. नव्या टीचर्सना सांगतो की मोबाईलवर स्वतःची सूचना रेकॉर्ड करून ऐका. स्वतःला वाटतं वीस सेकंद बोललो, निघतात दोन मिनिटं.

हातातली वस्तू. पोराच्या हातात बीनबॅग असताना तुम्ही बोलताय म्हणजे ते बीनबॅगचं ऐकणार, तुमचं नाही. हिसकावून घेऊ नका. "बीनबॅग पायाच्या दोन बोटांवर ठेवा, पाडायची नाही." आता हलता येत नाही आणि लक्षही खाली-वर तुमच्याकडेच. बॉल असेल तर दोन पायांमध्ये. रिंग असेल तर तिच्या आत उभं रहायचं.

आवाज चढवू नका. सुरुवात मोठ्या आवाजात करा आणि वाक्य संपेपर्यंत हळू हळू खाली आणा. आजूबाजूच्या गोंगाटावर आपण ओरडलो तर पोरंही त्यावर ओरडतात. आणि पोरांना लांब ठेवून बोलू नका. चार पावलांत गोल बसवा, पण मागची रांग उभी, मधली गुडघ्यावर, पुढची बसलेली, म्हणजे सगळ्यांना दिसतं. उन्हात तापलेल्या फरशीवर बसवू नका, चटका लागला की लक्ष कुठे राहील ते सांगायला नको.

नुकतं पळून आलेलं पोर लगेच ऐकू शकत नाही. छाती वरखाली होत असते, डोक्यात अजून पळणंच चालू असतं. "नाकाने श्वास घ्या, फुगा फुगवल्यासारखा सोडा" असं तीन वेळा, मग बोला.

आणि "समजलं का?" हे कधीच विचारू नका. "होऽऽऽ सर!" हे उत्तर पाठ असतं, समजलं असो वा नसो. त्याऐवजी "बीनबॅग कुठून फेकायची, बोटाने दाखवा", "कुठल्या रेषेपर्यंत जायचं, बोट करा." चाळीस बोटं एका सेकंदात दिसतात आणि ज्यांची बोटं भलतीकडे आहेत त्यांच्याजवळ जाऊन परत सांगता येतं.

तक्रारी आणि प्रश्न हा अजून एक प्रकार. "सर ह्याने मला ढकललं", "सर माझी मोठी बहीण चौथीत आहे", "सर आज माझा वाढदिवस नाहीये पण उद्या आहे". सूचना चालू असताना हे सुरू झालं की वर्ग गेला. आधीच ठरवून द्या: मी बोलत असताना काही सांगायचं असेल तर हात पोटावर ठेवायचा, मी बघेन आणि खेळ सुरू झाल्यावर तुझ्याकडे येईन. आणि मग खरंच जायचं. नाही गेलात तर आठवड्याभरात ही पद्धत बंद पडते. सूसू आणि रक्त, एवढ्याला मात्र कधीही सूट.

६. दाखवताना बोलू नका

एकदा गप्प राहून दाखवा. नुसतं. मग दुसऱ्यांदा दाखवताना एकच शब्द जोडा, "गुडघे". मग लगेच पोरांना करू द्या. दाखवणं आणि बोलणं दोन्ही एकत्र केलं की पोरं दोन्हीतलं काहीच धरत नाहीत.

समोर तोंड करून डावा-उजवा सांगितलं की घोळ होतो. एकतर त्यांच्याकडे पाठ करून दाखवा, नाहीतर "भिंतीकडचा हात, झाडाकडचा हात" म्हणा. पहिलीत डावं-उजवं अजून पक्कं नसतं, त्याचा धडा वेगळा घ्या.

दाखवायला नेहमी वर्गातल्या चपळ पोरालाच बोलवू नका. मधल्या फळीतलं पोर आणा. बाकीच्यांना वाटतं, अरे हे तर मला पण येईल. आणि तो जो सारखा मागे वळून बोलतो, त्याला पण आणून बघा कधीतरी, पण शिक्षा म्हणून नाही.

७. जोड्या आणि गट

"आपापला जोडीदार शोधा" म्हटलं की जिवलग मित्र एकत्र येतात, तिघं एका मुलाचा हात ओढतात, दोन पोरं एकटी राहतात आणि त्यातलं एक रडतं. पाच मिनिटं. त्याऐवजी पळता पळता ठोका बंद, "पाठीला पाठ, पाच... चार... तीन...", जो जवळ असेल त्याच्याशी. जोडीदार नाही मिळाला तर मधल्या कोनाजवळ यायचं, तिथे आपोआप दुसरा भेटतो. संख्या विषम असेल तर तिघांचा एक गट आधीच मनात ठरवून ठेवा.

चौघांचे गट हवे असतील तर दोन जोड्या जोडा. संघनायक निवडून त्यांना एकेक खेळाडू मागायला लावणं पहिली-दुसरीला कृपया करू नका. शेवटी कोण उरतं ते सगळा वर्ग बघतो आणि त्या पोराचं त्या दिवशी कुठेच लक्ष लागत नाही.

८. खेळात वाट बघायला लावू नका

हिशोब करून बघा. ४० पोरं, चार रांगा, रांगेत दहा जण. एकाला पळून यायला २० सेकंद. म्हणजे एकदा पळल्यावर पुढचा नंबर यायला बाकीचे नऊ गुणिले २०, म्हणजे तीन मिनिटं. तीन मिनिटं सात वर्षांचं पोर स्वस्थ उभं राहील का? नाही राहणार, आणि राहूही नये. त्याच जागेत तिघातिघांच्या रांगा केल्या तर वाट बघणं ४० सेकंदांवर येतं. तेवढ्यात त्याला काम द्या, टाळ्या मोजायच्या, एका पायावर उभं रहायचं, संपलं.

बाद होण्याचे खेळ हा दुसरा सापळा. विषामृत, शिवाजी म्हणतो, तळ्यात-मळ्यात, सगळे चांगले खेळ आहेत, पण जो आधी बाद होतो त्यालाच सरावाची जास्त गरज असते आणि तोच कडेला बसून माती उकरतो. नियम थोडे बदला. तळ्यात-मळ्यात चुकलं तर बाद नाही, कडेच्या कोनाला हात लावून परत यायचं. शिवाजी म्हणतो मध्ये दोन गोल करा, चुकला की या गोलातून त्या गोलात जायचं. डॉजबॉलमध्ये लागला की फेकणाऱ्यांच्या बाजूला. विषामृतात अमृत द्यायला उशीर होतो, म्हणून विष देणारे दोनच ठेवा आणि अमृत कोणीही देऊ शकतं असं करा.

खो-खो लहानांना आवडतो, पण नीट नियमाने घेतला तर बसलेल्यांना फार वेळ नुसतं बसायला लागतं आणि मग त्यांना खो मिळतो तेव्हा ते आकाशात बघत असतात. सहा-सहा जणांचे छोटे खो-खो एकाच वेळी तीन-चार ठिकाणी चालवा, पाठलाग एक मिनिटाचा, मग बदल. स्पर्धेचा नऊ जणांचा संघ चौथी-पाचवीपर्यंत राहू द्या.

एक खेळ पाच-सहा मिनिटांच्या पुढे ताणू नका. रंगात आला असतानाच थांबवा. पोरं "अजून एकदा सर" म्हणत असताना बदललं तर पुढच्या खेळाकडे लक्ष असतं, कंटाळून संपला तर नसतं.

९. लक्ष सुटायला लागलं ते कसं ओळखायचं

गोंधळ झाल्यावर नाही, त्याच्या आधी ओळखायचं. खुणा ठरलेल्या आहेत: दोन-तीन पोरांच्या लेस अचानक सुटतात. कोणीतरी विचारतं किती वाजले. तहान लागते, आणि एकाला लागली की सगळ्यांना लागते. बीनबॅग मित्राच्या डोक्यावर फेकली जाते.

यातल्या दोन खुणा दिसल्या की "लक्ष द्या" म्हणू नका, काम बदला. आधी बघा की काम फार सोपं झालंय का फार अवघड. दहापैकी दहा वेळा झेलतोय तो कंटाळलाय, त्याला एक पाऊल मागे पाठवा, किंवा टाळी वाजवून झेलायला सांगा. दहापैकी एकदाच झेलतोय त्याने मनातून सोडून दिलंय, त्याला जवळ आणा, किंवा स्वतः वर उडवून स्वतः झेलू दे. एकाच वेळी वर्गात दोन्ही असतात, म्हणून प्रत्येक खेळाची एक सोपी आणि एक अवघड आवृत्ती खिशात पाहिजे.

एखाद-दुसरं पोर सगळं करूनही भरकटतंच. त्याला मागे ठेवू नका, तुमच्यापासून हाताच्या अंतरावर ठेवा. सूचना सगळ्यांना देऊन झाली की त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात, नाव घेऊन, तीच एकदा. आपल्याकडे लगेच "हा हायपर आहे" असं म्हणून मोकळे होतात, ते ठरवणं आपलं काम नाही. पण महिनाभर बघून जर वाटलं की हाक मारली तरी वळत नाही, किंवा बॉल अगदी जवळ आल्यावरच दिसतो, तर वर्गशिक्षिकांना सांगा, कान-डोळे तपासून घेतलेले बरे. पहिलीत चष्मा लागलेला कळतच नाही बऱ्याचदा.

इशारा: उठाबशा, मैदानाला फेऱ्या, कोंबडा, उन्हात उभं करणं, हे सगळं बंद. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई आहे, हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे पळणं ही शिक्षा आहे असं पीटीच्या सरांनीच शिकवलं तर मग बाकी काय राहिलं. आणि दुसऱ्या विषयाची वही पूर्ण नाही म्हणून पोराला पीटीला सोडत नाहीत, त्यावर वर्गशिक्षिकांशी गोड बोलून तोडगा काढा. शाळकरी वयाच्या पोरांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पोरांना तुमच्या तासाशिवाय ती मिळतेच असं नाही.

१०. शेवटची पाच मिनिटं

बेल वाजेपर्यंत खेळ चालू ठेवला की तापलेला वर्ग तसाच जिन्यात जातो आणि पुढच्या तासाच्या बाई तुमच्या नावाने बोटं मोडतात. तीस मिनिटं झाली की साहित्य गोळा. तेही खेळासारखंच: "बीनबॅग डोक्यावर, आवाज न करता टोपलीत." मग सावलीत गोल, हात वर-खाली, लांब श्वास, डोळे मिटून लांबून येणारे तीन आवाज ओळखा. कोकीळ, रिक्षा, आणि नेहमीचा तो ड्रिल मशीन.

एकच प्रश्न विचारा, "झेलताना हात कसे ठेवले?" हातांनीच दाखवू दे. मग चार-चारच्या गटाने पाणी आणि जिन्याकडे, सगळे एकदम नाही.

ऋतूप्रमाणे फरक

पावसाळ्यात मैदान गेलं की व्हरांडा किंवा हॉल. तिथे आवाज घुमतो, म्हणून हलगी नको, हाताची खूण ठेवा: हात वर गेला की स्टॅच्यू. ओल्या फरशीवर पळापळ नाहीच, जागेवरचे खेळ घ्या. गणपतीच्या आधी मांडवांचं काम आणि ढोल पथकांचा सराव यामुळे दुपारनंतर बाहेर आवाज असतो, तेव्हा पण खुणाच. उलट, पोरं घरून ढोलाचा ठेका ऐकूनच आलेली असतात, तोच टाळीला वापरा, लगेच पकडतात.

मार्च संपता संपता पुण्यात पारा ३५ च्या पुढे जातो. दुपारचा तास असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून जमलं तर पहिल्या तासिकेत आणा, नाहीतर पूर्ण तास सावलीच्या पट्ट्यात आणि दर दहा मिनिटांनी पाणी. तापलेलं पोर चिडचिडं होतं, ते दुर्लक्ष नसतं.

पहिल्या महिन्यात काय कधी

पहिला आठवडा: हद्द, आपली जागा, स्टॅच्यू. साहित्य काढूच नका, कितीही मागितलं तरी.

दुसरा आठवडा: मैदानावर आल्या आल्या करायचं काम, कधी-कुठे-काय या क्रमाने सूचना, आणि बीनबॅग प्रत्येकाला एक, एकट्याने.

तिसरा आठवडा: पाठीला पाठ, जोडीत झेल. याच आठवड्यात "सर खेळ कधी?" अशी कुरकुर सुरू होते, तेव्हा तासाच्या मधोमध पाच मिनिटं साखळी घ्या.

चौथा आठवडा: चौघांचे गट, तिघांच्या रांगा, परत येता येणारे बादचे खेळ. लंगडीचे संघ आणि गुण मोजणं जुलैच्या शेवटी सुरू करा. त्याआधी गुण मोजलेत तर पोरं खेळाकडे कमी आणि फळ्याकडे जास्त बघतात.